सत्ता बदलत गेली तेव्हा रशियन मानसशास्त्राचे काय झाले?

आपण विचारलेला प्रश्न असा : मानसशास्त्राचा इतिहास शिकवताना रशियन परंपरेचे प्रकरण आले की पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी विचारतात, क्रांती, स्टालिनचा काळ आणि १९९१ ची सोव्हिएत संघाची पडझड यांतून गेलेल्या या शाखेला स्वतःचे असे काही विज्ञान होते का, की प्रत्येक राजवटीला हवे ते ती बोलत राहिली, आणि तसे असेल तर विगॉट्स्की, लुरिया, लिओंतयेव या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांचे लेखन आज कोणत्या भरवशावर वाचायचे. मी जवळजवळ तीन दशके मेंदूच्या आघातानंतर वाचा गमावलेल्या रुग्णांबरोबर काम केले आहे आणि त्या कामात लुरिया यांच्या तपासणीपद्धतीचा मला सतत आधार मिळाला आहे. त्यामुळे हा प्रश्न मला केवळ ग्रंथालयातला वाटत नाही.

माझे मत आधी सांगते. राजकीय बदलांचा मार या शाखेच्या सर्व भागांवर सारखा पडला नाही. माणसांची वर्गवारी करणारे, म्हणजे कोण हुशार, कोण मतिमंद, कोण कामाला लायक, कोण वेडा हे ठरवणारे मानसशास्त्र सत्तेच्या अगदी जवळ राहिले. म्हणून कधी ते सत्तेचे हत्यार झाले, तर कधी सत्तेच्या रोषाला बळी पडले. बिघडलेले सावरणारे मानसशास्त्र, म्हणजे बहिऱ्या-अंध मुलांचे शिक्षण, जखमी सैनिकांचे पुनर्वसन, वाचाघाताचे उपचार, तुलनेने आडबाजूला राहिले आणि विचाराचा धागा तेथे टिकला. ही वाटणी काटेकोर नाही, पण तिच्या मदतीने घटनांची संगती लागते.

राजकारणाची सुरुवात १९१७ मध्ये झाली असे समजू नये. इव्हान सेचेनोव्ह यांनी १८६३ मध्ये मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचा आपला प्रबंध लिहिला तेव्हा झारच्या सेन्सॉरने तो सर्वसाधारण वाचकांच्या मासिकात छापू दिला नाही. शीर्षक बदलून तो वैद्यकीय पत्रिकेत छापावा लागला. मनाचे व्यवहार शरीरक्रियेने समजावता येतात हे म्हणणे त्या राज्यात धर्म आणि नीती यांच्या विरोधातले मानले जात होते. याच्या बरोबर उलट दिशेचा आघात पुढच्या राजवटीत गिओर्गी चेल्पानोव्ह यांच्यावर झाला. व्यापारी सेर्गेई श्चुकिन यांच्या देणगीतून चेल्पानोव्ह यांनी मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राची संस्था उभारली. काम १९१२ मध्ये सुरू झाले, रीतसर उद्‌घाटन १९१४ मध्ये झाले. जर्मनी आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळा स्वतः पाहून त्यांनी ही संस्था घडवली होती. मात्र मन ही पदार्थाहून वेगळी गोष्ट आहे, असे मानणारे ते तत्त्वज्ञ होते. जानेवारी १९२३ च्या परिषदेत त्यांचेच शिष्य कॉन्स्टान्टिन कोर्निलोव्ह यांनी मार्क्सवादी मानसशास्त्राची हाक दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चेल्पानोव्ह यांना स्वतः उभारलेली संस्था सोडावी लागली. संचालकपद कोर्निलोव्ह यांच्याकडे आले. परंतु १९३१ पर्यंत त्यांचा प्रतिक्रियाशास्त्राचा, म्हणजे प्रतिक्रिया मोजून मन समजावण्याचा, सिद्धान्तही यांत्रिक ठरवला गेला आणि ते पदही गेले. या घटनेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, चेल्पानोव्ह यांना हटवण्याची मागणी प्रथम शाखेच्या आतून आली, सरकारी शिक्का नंतर बसला. पुढील तीस वर्षांत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो.

कुत्र्यांवरील प्रयोगांनी प्रसिद्ध झालेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट सांगितली जात नाही. १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवलेला हा शास्त्रज्ञ बोल्शेविकांचा उघड टीकाकार होता. उपासमारीच्या दिवसांत त्यांनी देश सोडण्याची परवानगी मागितली, तेव्हा २४ जानेवारी १९२१ रोजी लेनिन यांनी खास हुकूम काढून त्यांच्या प्रयोगशाळेची आणि त्यांच्या कुटुंबाच्या शिध्याची तजवीज केली. नंतर लेनिनग्राडजवळ कोल्तुशी येथे त्यांच्यासाठी मोठे संशोधन केंद्र उभे राहिले. तरीही डिसेंबर १९३४ मध्ये त्यांनी सरकारला पत्र लिहून दहशत आणि हिंसा यांच्या राजवटीत आपण जगत आहोत, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. १९३६ मध्ये ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी त्यांच्याच नावाने इतरांची तोंडे बंद करण्यात आली, याचे दुःख त्यांचे लेखन वाचणाऱ्या कोणालाही व्हावे.

१९२० च्या दशकाकडे मात्र केवळ दडपशाहीच्या चष्म्यातून पाहू नये. १९२२ मध्ये सिम्योन फ्रांक यांच्यासारख्या तत्त्वज्ञांना जहाजात बसवून देशाबाहेर घालवले गेले हे खरेच. पण त्याच वर्षांत मॉस्कोत मनोविश्लेषणाची संस्था होती, व्हेरा श्मिट यांचे मनोविश्लेषणावर आधारलेले बालगृह १९२१ ते १९२५ चालले, आणि मनोविश्लेषक सबिना श्पीलराइन १९२३ मध्ये परदेशातून परत येऊन तेथे काम करू लागल्या. बेख्तेरेव्ह यांचे प्रतिक्षेपशास्त्र (सगळे वर्तन प्रतिक्षिप्त क्रियांनी समजावणारे), श्पेट यांचे वांशिक मानसशास्त्र, गास्तेव्ह यांची श्रमसंस्था अशा परस्परविरोधी वाटा शेजारी शेजारी चालू होत्या. जानेवारी १९२४ मध्ये पेत्रोग्राडच्या परिषदेत गोमेलहून आलेला सत्तावीस वर्षांचा एक शिक्षक बोलायला उभा राहिला आणि त्याचे म्हणणे ऐकून त्याला मॉस्कोच्या संस्थेत बोलावून घेण्यात आले. तो लेव्ह विगॉट्स्की. ही जागा रिकामी झाली होती ती चेल्पानोव्ह यांच्या माणसांना जावे लागल्यामुळे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. एकाच उलथापालथीने एकाला घराबाहेर काढले आणि दुसऱ्याला दार उघडले.

विगॉट्स्की यांनी १९२७ च्या सुमारास मानसशास्त्रातील अरिष्टावर एक दीर्घ हस्तलिखित लिहिले. ते १९८२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, प्रथम छापले गेले. मार्क्सची चार वाक्ये उचलून त्यांच्यावर मनाचे शास्त्र शिवता येत नाही, असे त्यांनी त्यात बजावले आहे. मार्क्सकडून शिकायची ती विज्ञान उभारण्याची पद्धत. आणि मानसशास्त्राला या अरिष्टातून बाहेर काढील ते प्रत्यक्ष व्यवहारातले काम, शाळेतले, कारखान्यातले, दवाखान्यातले, असे त्यांनी म्हटले आहे. स्वतः ते मार्क्सवादी होते, मनापासून होते. ‘वरून मार्क्सवाद, आतून विज्ञान’ अशी सोपी फोड त्यांच्या बाबतीत चालत नाही. १९३० नंतरच्या पुष्कळ प्रस्तावनांच्या बाबतीत मात्र चालते.

आता ४ जुलै १९३६ च्या ठरावाकडे येते, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. शिक्षण खात्यातील पेडोलॉजीच्या ‘विकृतीं’विरुद्ध कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने हा ठराव केला. पेडोलॉजी म्हणजे बालकाचा समग्र अभ्यास. शरीर, मन, कुटुंब, शाळा सगळे एकत्र पाहणारी शाखा. प्रत्यक्षात शाळांमधून पेडोलॉजिस्ट बुद्धिचाचण्या आणि प्रश्नावल्या घेत आणि अनेक मुलांना मागास ठरवून विशेष शाळांत पाठवत. त्यात कामगारांची, शेतकऱ्यांची, रशियनेतर समाजांची मुले फार असत. ठरावातला हा आक्षेप खोटा नव्हता. चाचणीत मूल आज एकट्याने काय करते तेवढेच मोजले जाते, मोठ्यांच्या मदतीने ते काय करू शकेल हे सुटून जाते, असे विगॉट्स्की स्वतः सांगत होते, आणि समीपस्थ विकासाच्या क्षेत्राची, म्हणजे मूल एकट्याने करते ते आणि मदतीने करू शकते ते यांमधल्या अंतराची, त्यांची कल्पना याच टीकेतून पुढे आली. पण ठरावाने चाचण्या सुधारल्या नाहीत. शाळांतली पेडोलॉजिस्टांची पदे रद्द झाली, पुस्तके काढून घेण्यात आली, चाचण्यांवर बंदी आली आणि आनुवंशिकता व परिस्थिती यांचा मुलावर होणारा परिणाम अभ्यासणे हेच संशयास्पद ठरले. चुकीच्या उपचारावरून वैद्यकच बंद करावे तसे हे झाले. पुढील अनेक वर्षे ‘चाचणी’ हा शब्दही मानसशास्त्रज्ञ टाळत.

विगॉट्स्की ११ जून १९३४ रोजीच क्षयाने वारले होते, वय फक्त ३७. ते पेडोलॉजीचे अध्यापक होते, त्यामुळे त्यांचे लेखनही या ठरावाखाली गेले. त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी अलेक्सेई लिओंतयेव यांनी १९३७ मध्ये त्यांच्या पेडोलॉजीतील विचारांवर टीका करणारा लेख लिहिला. तो हस्तलिखितातच राहिला आणि १९९८ मध्ये प्रकाशित झाला. हा लेख भीतीतून आला की खऱ्या मतभेदातून, असे विद्यार्थी विचारतात. लेखात दोन्ही आहेत असे मला वाटते. लिओंतयेव यांच्यासह युक्रेनमधील खार्किव्हमध्ये गेलेल्या गटाचे विगॉट्स्कींशी मतभेद आधीपासून होते. भाषेपेक्षा प्रत्यक्ष कृतीतून मन घडते यावर त्या गटाचा भर होता. अशा काळात खरा मतभेदही आरोपासारखा दिसू लागतो आणि आरोप मतभेदाचा आव आणतो. वाचकाने दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्यात.

लुरिया यांच्या उझबेकिस्तान मोहिमांचेही असेच झाले. १९३१ आणि १९३२ मध्ये ते दूरच्या खेड्यांत गेले. सामूहिक शेती आणि साक्षरता वर्ग नुकतेच सुरू झालेल्या या समाजात विचार करण्याची रीत कशी बदलते हे त्यांना पाहायचे होते. ते लोकांना असे कोडे घालत : अतिउत्तरेला, जेथे बर्फ असतो, सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या अतिउत्तरेला आहे. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? निरक्षर शेतकरी उत्तर देत की, मी तेथे गेलेलो नाही, जो गेला आहे त्याला विचारा. थोडेसे शिक्षण झालेले लोक वाक्यांवरूनच निष्कर्ष काढत. खरे पाहता नव्या राजवटीच्या साक्षरता मोहिमेची ही स्तुतीच होती. तरीही लुरिया अल्पसंख्य समाजांचा अपमान करतात अशी टीका झाली आणि सविस्तर निष्कर्ष १९७४ पर्यंत पुस्तकरूपाने आले नाहीत. माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे : ‘पाहिल्याशिवाय सांगणार नाही’ ही भूमिका विचारक्षमतेची उणीव नसून एक शिस्त आहे, आणि लुरिया यांच्या मांडणीत तिला पुरेसा मान मिळालेला नाही. हा आक्षेप विज्ञानाच्या चर्चेत घेता आला असता. चर्चाच थांबवली गेल्याने तो चाळीस वर्षे मागे पडला.

माणसांची किंमत किती मोठी होती हे सांगणे टाळू नये. औद्योगिक मानसशास्त्राचे नेते इसाक श्पीलराइन यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये मॉस्कोत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९३५ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. गुस्ताव्ह श्पेट यांना १९३७ मध्ये तोम्स्कमध्ये मारले गेले, गास्तेव्ह यांना १९३९ मध्ये. इसाक यांची बहीण सबिना १९४२ मध्ये रोस्तोव्हजवळ जर्मन सैन्याच्या हत्याकांडात, आपल्या दोन मुलींसह, मारली गेली. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांच्या पतीला १९४० मध्ये अटक झाली.

या काळात लुरिया काय करत होते? त्यांनी वैद्यकाचा अभ्यास पूर्ण केला आणि १९३७ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडले. मुलांच्या चाचण्यांपासून आणि मोठ्या सिद्धान्तांपासून ते मेंदूच्या रुग्णाकडे वळले. युद्ध सुरू झाल्यावर उरल भागातील किसेगाच येथे त्यांनी डोक्याला जखम झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन रुग्णालय उभारले. लिओंतयेव आणि त्यांचे सहकारी झापोरोझेत्स स्वेर्दलोव्स्कजवळच्या रुग्णालयात हाताला इजा झालेल्या सैनिकांबरोबर काम करत होते. वाचाघातावरचा लुरिया यांचा ग्रंथ १९४७ मध्ये आला. मेंदूतील प्रत्येक क्षमतेला एकच ठिकाण नसते. बोलणे, लिहिणे, हिशेब करणे यांसाठी अनेक भाग एकत्र काम करतात आणि एखादा बिघडला तर दुसऱ्या मार्गाने काम उभे करता येते, हा विचार तेथे पक्का झाला. मनाच्या उच्च क्रिया बाहेरच्या साधनांनी घडतात, असे विगॉट्स्की म्हणत. ते प्रत्यक्ष उपचारात उतरले ते या रुग्णालयांत. बंदी घातलेले नाव न घेता बंदी घातलेला विचार काम करत राहिला.

२८ जून ते ४ जुलै १९५० या काळात विज्ञान अकादमी आणि वैद्यकीय विज्ञान अकादमी यांची संयुक्त ‘पाव्हलोव्ह बैठक’ झाली. दोन वर्षांपूर्वी कृषिशास्त्रज्ञ लिसेन्को यांनी सत्तेच्या पाठिंब्याने जनुकशास्त्र बंद पाडले, त्याचीच ही आवृत्ती. ऑर्बेली, अनोखिन, बेरिताश्विली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांवर पाव्हलोव्हपासून ढळल्याचे आरोप झाले; मानसशास्त्राने आपली सगळी मांडणी अभिसंधानाच्या, म्हणजे सवयीने जडवलेल्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या, भाषेत करावी असे ठरले. याआधीच्या ‘विश्वबंधुत्ववाद्यां’विरुद्धच्या, म्हणजे देशाशी निष्ठा नसल्याचा ठपका ठेवलेल्यांविरुद्धच्या, मोहिमेत, जिचा रोख मुख्यतः ज्यूंवर होता, मानसशास्त्रज्ञ सेर्गेई रुबिनस्टाइन यांची पदे काढून घेतली गेली होती, १९४२ मध्ये त्यांच्या पाठ्यपुस्तकाला स्टालिन पारितोषिक मिळाले होते हे लक्षात घ्या. लुरिया यांना मेंदूशस्त्रक्रियेच्या संस्थेतून जावे लागले आणि त्यांना आसरा मिळाला तो डिफेक्टॉलॉजीच्या, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणशास्त्राच्या, संस्थेत. माझे म्हणणे पुन्हा येथेच येते. मुकी-बहिरी मुले शिकवायची असतात आणि ती केवळ घोषणांनी शिकत नाहीत, त्यामुळे अशा संस्थेत कामाला थोडी मोकळीक राहते. या परंपरेतूनच मेश्चेर्याकोव्ह यांच्या झागोर्स्क येथील बहिऱ्या-अंध विद्यार्थ्यांपैकी चौघे १९७१ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दाखल झाले.

तरी १९५० नंतरचे सारे ‘पाव्हलोव्हवादी’ काम निरुपयोगी समजू नका. बोरिस तेप्लोव्ह यांनी मज्जासंस्थेच्या प्रकारांचा विषय हाती घेतला आणि त्यातून व्यक्तिभेदांचे गंभीर प्रयोगशास्त्र उभे राहिले. हुकुमाने आलेल्या विषयावरही प्रामाणिक माणूस खरे काम करू शकतो, एवढे त्यावरून दिसते.

स्टालिन यांच्या मृत्यूनंतर बर्फ हळूहळू वितळला. १९५५ मध्ये मानसशास्त्राचे स्वतंत्र नियतकालिक निघाले, १९५६ मध्ये विगॉट्स्की पुन्हा छापले गेले, १९६६ मध्ये मॉस्कोत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच वर्षी मॉस्को व लेनिनग्राड विद्यापीठांत मानसशास्त्राचे स्वतंत्र विभाग झाले. सावरणाऱ्या मानसशास्त्राविषयी मी जे म्हटले त्याच्या उलट बाजूचे सर्वांत काळे प्रकरणही याच दशकांतले आहे : ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ हे निदान लावून राजकीय विरोधकांना मनोरुग्णालयात डांबणे. तो मनोविकारशास्त्राचा गुन्हा होता. पण त्या रुग्णालयांत मानसशास्त्रज्ञही नोकरीला होते आणि शाखेने त्यावर उघडपणे आवाज उठवला नाही. मनोविकारशास्त्राच्या जागतिक संघटनेतून हकालपट्टी होईल असे दिसल्यावर १९८३ मध्ये सोव्हिएत संघटना स्वतःच बाहेर पडली आणि १९८९ मध्ये अटींवर परत आली.

आपल्याकडे ही परंपरा दोन वाटांनी आली. एक वाट मॉस्कोच्या प्रोग्रेस प्रकाशनाच्या स्वस्त इंग्रजी पुस्तकांची. लोकवाङ्मय गृहाच्या विक्रीकेंद्रांतून ती माझ्या पिढीच्या हाती पडली. दुसरी वाट अमेरिकेची. १९६२ मध्ये विगॉट्स्की यांच्या मुख्य ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले ते बरेच कापलेले होते आणि त्यातले मार्क्स-एंगल्सचे पुष्कळ संदर्भ गाळले होते. १९७८ मध्ये संपादकांनी वेगवेगळ्या लेखांतून जुळवलेले पुस्तक आले. आपल्या शिक्षक पात्रता परीक्षेला बसणारा उमेदवार ‘समीपस्थ विकास क्षेत्र’ पाठ करतो तो या दुसऱ्या वाटेने आलेला विगॉट्स्की. एका देशात त्यांच्यावर बंदी आली, दुसऱ्यात त्यांचा मार्क्स काढून टाकला गेला. विद्यार्थ्यांना फक्त पहिली गोष्ट सांगणे अपुरे आहे.

१९९१ विषयी थोडक्यात लिहिते. बदल त्याआधीच सुरू झाला होता : १९८६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स मॉस्कोला येऊन गेले, १९८८ मध्ये शाळांत मानसशास्त्रज्ञाचे पद निर्माण झाले, म्हणजे १९३६ मध्ये बंद केलेले दार बावन्न वर्षांनी दुसऱ्या नावाने उघडले. १९८९ मध्ये मनोचिकित्सक काश्पिरोव्स्की दूरचित्रवाणीवरून सामूहिक सूचनोपचार करू लागले आणि लाखो लोक पडद्यासमोर बसू लागले. ज्या शाखेने सामान्य माणसाच्या दुःखाशी बोलणे दीर्घकाळ सोडले होते, तिची रिकामी जागा असे कोणीतरी भरणारच होते. नंतर प्रयोगशाळांचा पैसा आटला, भाषांतरांचा आणि खासगी प्रशिक्षणांचा पूर आला, आणि १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी मनोविश्लेषणाच्या पुनरुज्जीवनाचा हुकूम काढला. हुकमाने बंद पडलेली गोष्ट हुकमानेच सुरू व्हावी, हे मला अस्वस्थ करते. शाखेने स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची सवय त्यातून लागत नाही.

वर्गासाठी माझी सूचना अशी. प्रत्येक सोव्हिएत ग्रंथ वाचताना त्याचे वर्ष पाहा, प्रस्तावनेतली अवतरणे बाजूला ठेवा आणि लेखकासमोर कोण माणूस बसला होता ते शोधा. त्यासाठी १९३६ चा ठराव आणि लिओंतयेव-झापोरोझेत्स यांचे हाताच्या हालचालींवरचे १९४५ चे पुस्तक शेजारी ठेवून वाचायला द्या. त्या पुस्तकातला एक प्रयोग विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते. जखमी सैनिकाला डोळे मिटून ‘हात जमेल तेवढा वर कर’ म्हटले तर तो थोडाच वर जाई. डोळे उघडे ठेवून समोरच्या खुणेपर्यंत न्यायला सांगितले तर अधिक वर जाई. आणि उंचावर ठेवलेली वस्तू उचलून घ्यायला सांगितली तर तोच हात आणखी वर पोहोचे. हा प्रयोग साध्या साधनांनी कोणत्याही पुनर्वसन विभागात करून पाहता येतो. मी माझ्या रुग्णांबरोबर तो अनेकदा केला आहे, आणि ज्याला भिंतीवरच्या खुणेपर्यंत हात नेता येत नव्हता त्याने फळीवरचा स्वतःचा चहाचा पेला उचलून घेतलेला मी पाहिला आहे.